दाढेची भीती ताटात कशी उतरते

दाताच्या डॉक्टरकडे जायला कोण घाबरतं हे ओळखायचं असेल तर त्या माणसाला जेवताना पाहावं. भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली जाते. काकडीची कोशिंबीर पानात तशीच राहते. पेरूची फोड शेजाऱ्याच्या ताटात जाते आणि आइस्क्रीम पार वितळल्यावरच तोंडात जातं. प्रत्येक घास एकाच बाजूने चावला जातो. घरचे म्हणतात, हल्ली त्यांना कडक काही आवडत नाही. खरं कारण असं असतं की दुसऱ्या बाजूची दाढ किडली आहे, ती दाखवायची भीती वाटते, आणि ही भीती सांगायची लाज वाटते.

स्वीडनमधले दंततज्ज्ञ उल्फ बर्गग्रेन यांनी १९८४ साली या भीतीचं एक चक्र मांडलं. भीतीमुळे माणूस जायचं टाळतो, टाळल्याने दात आणखी बिघडतात, बिघडलेले दात दाखवायची लाज वाटते आणि लाजेने भीती वाढते. माझ्या मते या चक्रात ताटाची कडीही जोडायला हवी, कारण दुखरी दाढ सांभाळायला माणूस जे खाऊ लागतो तेच बहुतेक वेळा दाढ किडवतं. शिवाय या चक्रातली हीच एक कडी अशी आहे की ती डॉक्टरचं तोंड न पाहता, आज संध्याकाळपासून, घरच्या घरी सैल करता येते.

दाढ दुखू लागली की चावायचे पदार्थ आपोआप मागे पडतात. भाकरी, मोड आलेली कडधान्यं, गाजर, पेरू, शेंगदाणे जातात आणि त्यांच्या जागी चहात बुडवलेलं बिस्किट, टोस्ट, खारी, मऊ पाव, शिरा, केळं येतं. हे पदार्थ वाईट नाहीत, पण ते चिकटतात. दाढेच्या खाचांत आणि दोन दातांच्या फटीत त्यांचा लगदा बसून राहतो. तिथले जंतू त्यातली साखर आणि शिजलेला स्टार्च यांचं आम्ल करतात. तोंडातला पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा (तो जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं वरचं कठीण आवरण, म्हणजे एनॅमल, खनिजं सोडू लागतं. हिरड्या मागे सरून मुळं उघडी पडली असतील, जे पन्नाशीनंतर पुष्कळांचं होतं, तर मुळांचा भाग त्याहून सौम्य आम्लातही झिजायला लागतो. गोड खाल्ल्यावर पीएच काही मिनिटांत खाली जातो आणि लाळेच्या जोरावर पुन्हा वर यायला अर्धा ते एक तास घेतो. दंतसंशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात हा चढउतार मोजून दाखवला.

चावणं कमी झाल्याने दुसरंही एक नुकसान होतं. भाकरी चावताना लाळ भरपूर सुटते आणि त्या लाळेतला क्षार आम्ल मारतो. मऊ घास दोन चावण्यांत गिळला जातो, त्यामुळे लाळही कमी येते. ज्या बाजूने चावणंच बंद झालं तिथे पांढरट थर साचतो, त्याचं किटण होतं, हिरडी सुजते आणि ब्रश लावला की रक्त येतं. मग माणूस त्या बाजूला ब्रश करायचंही सोडतो. एका दाढेला वाचवायला गेलेला माणूस अशा रीतीने पूर्ण बाजू घालवून बसतो.

साखर किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा आणि किती चिकट रूपात खाल्ली याला महत्त्व जास्त. हे कळलं ते स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथल्या प्रयोगातून. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत एका मनोरुग्ण संस्थेतल्या मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफी खायला घालून त्यांचे दात किडू दिले गेले. त्यांची संमती घेण्याचा प्रश्नच नव्हता. हे ज्ञान कुणाच्या दातांवर मिळालं याचा उल्लेख केल्याशिवाय ते वापरू नये असं मला वाटतं. जेवणासोबत खाल्लेल्या साखरेने किडण्याचं प्रमाण फारसं वाढलं नाही, दोन जेवणांच्या मध्ये खाल्लेल्या चिकट गोडाने मात्र ते खूप वाढलं, असं त्या प्रयोगात दिसलं.

आपलं जुनं ताट या कसोटीवर चांगलं उतरतं. श्रीखंड पुरीबरोबर, पुरणपोळी कटाच्या आमटीबरोबर, उकडीचा मोदक वरणभाताच्या पानातच. गोड जेवणातच येतं, पुढच्या घासांनी आणि ताकाने धुतलं जातं. घोळ होतो तो जेवणाबाहेरच्या खाण्यात. सकाळी उठल्याबरोबर चहा, अकराला कामावर चहा-बिस्किट, चारला चहा, सहाला पुन्हा अर्धा कप. प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरली तर चार कपांत आठ चमचे, म्हणजे तीसेक ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवलेली उत्तम असं सुचवलं, ती मर्यादा मोठ्या माणसासाठी साधारण २५ ग्रॅम होते. ग्रॅम बाजूला ठेवले तरी हे चार वेगवेगळे आम्लहल्ले आहेत. त्यात घसा सुकतो म्हणून चघळलेली गोळी आणि जेवणानंतरची साखरेचा लेप दिलेली रंगीत बडीशेप मिळवा. साधी भाजलेली बडीशेप मात्र खुशाल चावा, लाळ सुटते.

मोजायची सोपी रीत अशी. तीन दिवस वही ठेवायची, त्यात एक सुट्टीचा दिवस असावा आणि उपास करत असाल तर एक उपासाचा. पाण्याशिवाय काहीही ओठांच्या आत गेलं की वेळ लिहायची. गोड किंवा पिठूळ असेल तर लाल खूण करायची. तिसऱ्या दिवशी रात्री जेवणं सोडून मधल्या लाल खुणा मोजायच्या. दिवसाला दोनच्या वर असतील तर पदार्थ बदलण्याआधी वेळा कमी करा. चारचा चहा-बिस्किट जेवणाला चिकटवा, किंवा चहा बिनसाखरेचा करा. एकदम जमत नसेल तर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, महिन्याभरात जीभ रुळते. रात्री ब्रश केल्यानंतर फक्त पाणी. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, म्हणून झोपण्यापूर्वीच्या गोड दुधाचा त्रास दुपारच्या लाडवापेक्षा जास्त.

उपासाच्या दिवशी खुणा सगळ्यात जास्त निघतात. सकाळी साबुदाण्याची खिचडी, मग राजगिऱ्याचा लाडू, खजूर, वेफर्स, मधूनमधून चहा, आणि संकष्टी असेल तर चंद्रोदयापर्यंत हेच. साबुदाणा आणि वेफर्स दाढेच्या खाचेत घट्ट बसतात. भगर, दाण्याची आमटी आणि ताक एका बैठकीत खाल्लं, फळंही त्याच बैठकीत उरकली आणि मधल्या वेळात पाणी ठेवलं, तर उपास मोडत नाही आणि दातही सांभाळले जातात.

आंबट पेयांची गोष्ट थोडी वेगळी. लिंबू सरबत, कोकम, सोडा यांतलं आम्ल जंतूंची वाट पाहत नाही, थेट दाताची झीज करतं. चिंच खाल्ल्यावर दात आंबतात ती त्याचीच खूण. घोट घोट करत तासभर पिऊ नका, पिऊन झाल्यावर साध्या पाण्याची चूळ भरा, आणि अर्धा तास ब्रश लावू नका, कारण मऊ झालेलं एनॅमल ब्रशने घासून निघतं. रोज पहाटे उपाशीपोटी लिंबूपाणी घेऊन लगेच दात घासणाऱ्यांचे दात थंडाने शिवशिवतात, त्यामागे बहुधा हीच सवय असते.

कोणत्या पदार्थाने दात कसा दुखतो यावरून आतली अवस्था बरीच ओळखता येते, आणि घाबरणाऱ्या माणसाला याचा फार उपयोग आहे. कारण भीती बहुतेक वेळा रूट कनालची, म्हणजे दाढेतली नस काढून आतली पोकळी भरण्याची, किंवा दाढ काढण्याची असते, आणि कित्येकदा तितकी वेळ आलेलीच नसते. गोड किंवा थंड लागलं की कळ येते आणि घास गिळल्यावर काही सेकंदांत थांबते, याचा अर्थ कीड खोल जाऊ लागली आहे पण नस अजून जिवंत आणि बरी होण्याजोगी आहे. या टप्प्यावर साधारणपणे कीड काढून सिमेंट भरण्यावर भागतं, एका बैठकीत. गरम चहाने कळ येते, अर्ध्या मिनिटाहून जास्त रेंगाळते, रात्री आडवं पडलं की दाढ ठणकते आणि झोप उडते, तर नस वाचण्यासारखी उरलेली नसते. मग रूट कनाल किंवा दाढ काढणं हेच पर्याय. भाकरीचा तुकडा चावताना नेमक्या एका दाढेवर टोचल्यासारखं दुखत असेल तर संसर्ग मुळाच्या टोकाशी पोहोचला असेल, किंवा दाढेला तडा गेला असेल.

सगळ्यात फसवी अवस्था याच्यापुढची. आठवडाभर ठणकणारी दाढ एके दिवशी गप्प होते. गरम नाही, थंड नाही, काहीच लागत नाही. माणसाला वाटतं बरी झाली, देवाने सुटका केली. नस मेलेली असते. संसर्ग हाडात शांतपणे पसरत राहतो आणि काही महिन्यांनी गाल सुजून वर येतो. सुजेबरोबर ताप, तोंड उघडायला त्रास, गिळायला अडचण किंवा जिभेखाली सूज असेल तर दवाखाना उघडायची वाट न पाहता रुग्णालयात जायचं. हे जिवावर बेतू शकतं.

मधल्या काळात घरगुती उपाय चालतात, त्यांच्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. लवंग चावून धरल्याने थोडा वेळ बधिरपणा येतो, तो तिच्यातल्या युजेनॉलमुळे. लवंगेचं तेल मात्र कापसाचा बोळा भिजवून, पिळून, फक्त किडलेल्या खड्ड्यावर ठेवायचं, हिरडीला लागलं तर भाजतं. ॲस्पिरिनची गोळी दाढेशी दाबून ठेवू नका, तीही हिरडी जाळते. दाढ दुखते म्हणून बायका मशेरी लावायला सुरुवात करतात, तिने ठणका दबल्यासारखा वाटतो आणि पुढे दाढ पडली तरी मशेरी सुटत नाही. ती भाजलेली तंबाखूच आहे, तोंडाच्या कर्करोगाकडे नेणारी. दुखतं म्हणून जेवायचं नाही आणि रिकाम्या पोटी आयबुप्रोफेनसारखी गोळी घ्यायची, हाही नेहमीचा घोळ. पोटात आग पडते, मग दोन दिवस दूध-बिस्किटावर काढले जातात. गोळी घ्यायचीच असेल तर मऊ भात-वरण खाऊन घ्या. आधीपासून मूत्रपिंडाचा विकार, अल्सर किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने तर नकोच.

आता भीतीच्या मुळाशी असलेली एक वस्तुस्थिती. ‘इंजेक्शन दिलं तरी दुखलं’ असं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. भूल देणारं औषध सुजलेल्या, पू झालेल्या जागी नीट काम करत नाही, कारण तिथलं आम्ल औषधाला नसेत शिरू देत नाही. म्हणजे जो माणूस घाबरून शेवटपर्यंत थांबतो त्यालाच भूल सगळ्यात कमी चढते, त्यालाच दुखतं, आणि त्याची भीती पक्की होते. थंडाने नुसती कळ येते त्या आठवड्यात गेलेल्याला भूल व्यवस्थित लागते, कधी कधी तर तिची गरजही पडत नाही.

आपली भीती किती आहे हे मोजता येतं. उद्या डॉक्टरकडे जायचं आहे, बाहेर नंबर लागून बसलो आहोत, दात कोरायचं यंत्र सुरू होतंय, दात साफ करून घ्यायचेत, हिरडीत सुई टोचली जाणार आहे, या पाच प्रसंगांना प्रत्येकी १ ते ५ गुण द्यायचे. १ म्हणजे काहीच वाटत नाही, ५ म्हणजे प्रचंड भीती. एकूण १९ किंवा जास्त आले तर ती तीव्र भीती समजली जाते. आकडा कागदावर लिहून डॉक्टरला द्या. पाचपैकी कशाला ५ दिले हेही दाखवा, कारण सुईची भीती आणि यंत्राच्या आवाजाची भीती यांवरचे इलाज वेगळे आहेत. पहिली भेट फक्त बघण्याची ठरवा आणि फोनवरच सांगा: ‘मला भीती वाटते, आज तपासून फक्त सांगा, काही करू नका. मी डावा हात वर केला की थांबा.’ याला नकार देणारा दवाखाना बदलावा, त्यात गैर काही नाही. खर्चाची धास्ती असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबई सेंट्रलजवळ महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीला आहे. गर्दी असते, सकाळी लवकर जावं.

जाण्याआधी काय खायचं, इथे सगळ्यात जास्त चुका होतात. भीतीने अन्न जात नाही म्हणून लोक उपाशी जातात, किंवा नेमका उपासाचा दिवस निवडतात. उपाशी पोट आणि भीती एकत्र आली की सुई पाहताच रक्तदाब पडतो, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. मग कायमची समजूत होते की ‘मला इंजेक्शन सहन होत नाही’. सहन होत नव्हती ती भूक. अकराची वेळ असेल तर साडेनऊपर्यंत दोन पोळ्या आणि भाजी, किंवा बशीभर पोहे, उपमा, इडली असं काहीतरी खा. तिखट-तेलकट नको, कारण खुर्चीत आडवं झाल्यावर घशाशी येतं आणि उमासे येणाऱ्यांना त्रास वाढतो. तट्ट पोट भरूही नका. भूल उतरेपर्यंत पुढचे दोन-तीन तास चावता येणार नाही हाही हिशोब ठेवा, बधिर ओठ आणि गाल चावले जातात. ज्यांचं काळीज चहा-कॉफीने धडधडतं त्यांनी दोन तास आधीपासून ती टाळावी, कारण भुलेच्या औषधात बहुधा थोडं ॲड्रिनलिन असतं, त्यानेही मिनिट-दोन मिनिटं धडधड होते. ती आपोआप ओसरते, हे आधी माहीत असलं की माणूस दचकत नाही.

मधुमेह असेल तर सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि गोळी किंवा इन्सुलिन नेहमीप्रमाणे घ्या, गोळी घेऊन उपाशी कधीही जाऊ नका. एक अपवाद आहे: शिरेतून गुंगीचं औषध किंवा पूर्ण भूल देणार असतील तर उपाशीच राहावं लागतं, हलक्या जेवणानंतर सहा तास आणि पाण्यानंतर दोन तास. तुमच्यासाठी कोणता नियम हे डॉक्टर सांगतील, आणि त्या दिवशीच्या मधुमेहाच्या औषधाचंही तेव्हाच विचारून ठेवा.

सुईच्या आधी हिरडी कोरडी करून बधिर करणारी जेल एक-दोन मिनिटं ठेवायला सांगा. औषध सावकाश सोडायला सांगा, एक कार्ट्रिज, म्हणजे औषधाची नळी, संपायला निदान मिनिटभर जावा, घाईने सोडलेलं औषधच जास्त दुखतं. खालच्या दाढेला भूल चढायला पाच मिनिटं किंवा जास्तही लागतात. खालचा अर्धा ओठ जड झाल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका.

मुलांबाबत थोडकंच. ‘जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ हे वाक्य घरातून हद्दपार करावं. पहिला दात आल्यावर, निदान पहिल्या वाढदिवसापर्यंत एक भेट व्हावी, काहीही दुखत नसताना. परत येताना बक्षीस म्हणून चॉकलेट नको, रंगीत खडू द्या.

दाढ काढली असेल तर कापसाचा बोळा अर्धा ते पाऊण तास दाबून धरायचा. पहिले २४ तास चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉने पिणं नाही, गरम काही नाही, कारण खड्ड्यात धरलेली रक्ताची गाठ निसटली तर दोन-तीन दिवसांनी हाड उघडं पडून भयंकर ठणका लागतो. दहीभात, गार केलेलं वरण, साधं आइस्क्रीम चालतं. तीळ, दाण्याचं कूट, चिवडा, रवा आठवडाभर लांब ठेवा, कण खड्ड्यात बसतात. तंबाखू, मशेरी, विडी निदान तीन दिवस बंद. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर हलकी चूळ, जोरात खुळखुळवायची नाही.

रूट कनाल झालं असेल तर दुखणं गेल्याच्या आनंदात लगेच त्या बाजूने कडक खाऊ नका. आतून पोखरलेली दाढ कॅप, म्हणजे वरचं कृत्रिम टोपण, बसेपर्यंत कमकुवत असते. एका चण्याने ती उभी चिरू शकते, आणि मुळापर्यंत चिरलेली दाढ काढावीच लागते. तोवर मऊ भात, पोळी, शिजवलेल्या भाज्या. कॅप बसल्यावर, वर्षानुवर्षं न वापरलेल्या त्या बाजूने आधी पोळीचे छोटे घास, आठवड्याने शिजवलेली कडधान्यं, मग भाकरी. पहिले काही दिवस जबड्याचे स्नायू आंबल्यासारखे होतील, ते दुखणं दाढेचं नसतं.